खाली सही कुणाची?

रात्री दहा-साडेदहाला लक्ष्मी रोडची शटरं पडलेली असतात, शेवटच्या अमृततुल्यवाल्याने पातेलं घासायला घेतलेलं असतं, आणि नारायण पेठेतल्या अभ्यासिकांमधून पोरंपोरी बाहेर पडायला लागतात. पाठीला सॅक, हातात पाण्याची बाटली, कानात इअरबड्स. चेहरे पाहिले की कळतं, गाणी चालू नाहीयेत. गाणं ऐकणारा माणूस मान हलवतो. हे सगळे कपाळाला आठी घालून चालतात, मध्येच एकटे हसतात, आणि मागून हॉर्न वाजला तरी बाजूला होत नाहीत. पॉडकास्ट!

तुम्हीही त्यातलेच आहात, नाही का? मेसवरून रूमवर जाताना, पीएमपीत उभं राहून, रविवारी कपडे धुताना. कुणी सौमित्र पोटेचं ‘मित्रम्हणे’ लावतं, कुणी ओंकार आणि शार्दूलचं ‘अमुक तमुक’, कुणी विनायक पाचलगचं ‘थिंक बँक’. बातम्यांपुरतं बीबीसी मराठीचं ‘तीन गोष्टी’ ऐकलं की झालं, असं म्हणणारे स्पर्धा परीक्षावाले मित्रही मला माहीत आहेत. बरेच जण दीडपट स्पीडवर ऐकतात. माझी रूममेट दुप्पट स्पीडवर ऐकते आणि मग प्रत्यक्षात कुणी बोलायला लागलं की तिला वाटतं, हा माणूस इतका हळू का बोलतोय?

मी यात आणखी एक पायरी खाली उतरलेली आहे. मी पॉडकास्ट केलाय. त्याबद्दलच लिहायचंय, पण त्याआधी एक गोष्ट कबूल करते, म्हणजे ‘पेपरवाले पॉडकास्टवर जळतात’ असं तुम्ही म्हणणार नाही. पॉडकास्टने मराठीला जे दिलं ते दुसऱ्या कुणीही देत नव्हतं. टीव्हीवर आठ जण आठ चौकोनांतून ओरडतात. तिथे एका माणसाला सलग दीड तास बोलू दिलं जातंय, त्याला वाक्य पूर्ण करू दिलं जातंय, हीच केवढी चैन आहे! शिवाय भाषा. वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी बोलणारी माणसं आपापल्या बोलीत, ‘प्रमाण’ होण्याची धडपड न करता बोलतायत, आणि पुण्यातली माणसं ती ऐकतायत. हे आधी कुठे होतं?

नव्हतं, आणि त्यामागे एक कारण आहे जे आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीतच नसतं. आपल्याकडे खासगी एफएम स्टेशनला स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगीच नाही. द्यायच्याच असतील तर आकाशवाणीच्या बातम्या, त्याही शब्द न बदलता. म्हणून एफएमवर सकाळी ट्रॅफिक, पाऊस, प्रँक कॉल आणि गाणी. ट्रायने सप्टेंबर २०२३ मध्ये शिफारस केली, की खासगी एफएमला तासाला १० मिनिटं बातम्या देऊ द्या. शिफारसच ती. आणि त्याच वर्षी जूनमध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून त्याचं काम छत्रपती संभाजीनगरला हलवायचा निर्णय झाला होता. पुणेकरांनी आरडाओरडा केला आणि त्याला स्थगिती मिळाली. म्हणजे बघा, नुसत्या आवाजातून चालू घडामोडींवर मोकळेपणाने बोलायची जागाच कितीतरी वर्षं रिकामी पडली होती. पॉडकास्ट आला आणि त्या जागेवर बसला. त्याने कुणाला ढकललं नाही.

‘पॉडकास्ट’ हा शब्दसुद्धा जुना झाला. २००४ मध्ये बेन हॅमर्स्ली नावाच्या पत्रकाराने ‘गार्डियन’मधल्या एका लेखात तो वापरला, आयपॉडमधला ‘पॉड’ आणि ब्रॉडकास्टमधला ‘कास्ट’ जोडून. आयपॉड २०२२ मध्ये बंद झाला. गूगल पॉडकास्ट्स हे ॲप २०२४ मध्ये बंद झालं. राहिला तो शब्द, आणि आपल्याकडे त्याचा अर्थही बदलला. आता पॉडकास्ट म्हणजे यूट्यूबवर दोन खुर्च्या, दोन मोठे माईक, मागे एक झाड आणि थंबनेलवर तोंडावर हात धरलेला होस्ट. माझ्या आईच्या भाषेत ‘ती मुलाखत, पण मोठी’.

बरं, आवाजाने छापील माध्यमाला मागे खेचत नेण्याचा प्रकार या शहराला नवा नाही. १ एप्रिल १९५५, रामनवमी. पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ सुरू झालं. गदिमांनी लिहायचं, सुधीर फडक्यांनी चाल लावायची, दर आठवड्याला एक नवं गाणं, वर्षभरात ५६. आजच्या भाषेत बोलायचं तर एक सीझन, ५६ एपिसोड, आणि लेखक पुढचा एपिसोड त्या-त्या वेळी लिहितोय. लोक रेडिओभोवती गोळा व्हायचे. आणि ऐकून मन भरत नाही म्हणून पुण्यातली दैनिकं दर आठवड्याला त्या गाण्याचे शब्द छापायला लागली. आधी कानावर, मग कागदावर. तेव्हाही उलटा प्रवास होताच. फक्त एक फरक. पेपरात ते शब्द छापून यायचे तेव्हा ते कुणाचे, हे सगळ्यांना माहीत असायचं.

आता माझी गोष्ट.

आम्ही तिघं. मी, माझी दुप्पट स्पीडवाली रूममेट, आणि वर्गातला एक सांगलीचा मित्र. मी आणि रूममेट नारायण पेठेतल्या एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर कॉट बेसिसवर राहतो. गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही एक सेकंडहँड माईक घेतला, दुसरा उसना आणला, खिडकीला गादी उभी करून लावली आणि पॉडकास्ट चालू केला. विषय पेठेतले वाडे. रोज एक वाडा पडतो, तिथे आठ मजली ‘रेसिडेन्सी’ उभी राहते, आणि पाटीवर फक्त वाड्याचं नाव उरतं. त्या आधी त्यांच्या गोष्टी गोळा करू, असा विचार. चांगला होता विचार, आजही वाटतं.

मालकीणबाईंनी अट घातली, की संध्याकाळी सातनंतर पाहुणे वर आणायचे नाहीत. चौथ्या रेकॉर्डिंगनंतर जिन्यात पाटी लागली, ‘मुलाखतीस येणाऱ्यांनी चपला एका ओळीत काढाव्यात. बेल एकदाच वाजवावी.’ जुलै लागला आणि नदीपात्रातून ढोलपथकांचा सराव सुरू झाला. मग गादीचाही उपयोग होईना. आमच्या सहाव्या एपिसोडमध्ये पेशवाईवर गंभीर चर्चा चालू आहे आणि मागे ताशाची तर्री ऐकू येते. लोकांना वाटलं, आम्ही मुद्दाम टाकलीय. कमेंटमध्ये कौतुक झालं!

सातव्या भागात एक गृहस्थ आले. पेठांच्या इतिहासावर बोलतात, बोलतात कसले, रंगवतात. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरावर विषय गेला. धरण फुटलं, मुठेचं पाणी नदीकाठच्या पेठांत शिरलं, आपल्या नारायण पेठेतही. हे सगळं तुम्ही घरी आजी-आजोबांकडून ऐकलेलं असेल. मग ते पुढे झुकले आणि म्हणाले, ‘पण पूर हे नुसतं निमित्त होतं हो. अमुक बोळातला वाडा घ्या. मालकाने धोकादायक झाला म्हणून सांगितलं, सात बिऱ्हाडं रातोरात बाहेर काढली, आणि जागा विकून मोकळा झाला.’

मी काय विचारलं असेल? ‘हे तुम्हाला कुणी सांगितलं?’ नाही. ‘काही कागद आहे?’ तेही नाही.

मी म्हणाले, ‘बापरे.’

तेवढंच. रेकॉर्डिंग आजही माझ्याकडे आहे, तेवढंच. पॉडकास्टमध्ये होस्टचं काम आजकाल ‘बापरे’, ‘काय सांगता’ आणि ‘अंगावर काटा आला’ इतकंच उरलंय, आणि मी ते चोख बजावलं. मित्राने त्या ५० सेकंदांचं रील केलं. मागे गंभीर संगीत, वर लाल अक्षरात ‘पुराच्या नावाखाली काय घडलं?’. आम्ही कुणाचं नाव घेतलं नव्हतं. बोळाचं घेतलं होतं. पेठेत तेवढं पुरतं.

एपिसोड पूर्ण ऐकणारे होते काहीशे. रील मात्र पळालं. मग एका वेबसाइटने बातमी केली, ‘पॉडकास्टमध्ये धक्कादायक खुलासा’. आम्हाला फोन नाही, त्या गृहस्थांना फोन नाही. आणि मी सांगू? मला आनंद झाला होता. मी ती लिंक घरी पाठवली होती. आमच्यावर ‘बातमी’ आली म्हणून.

आठवड्याभराने दुपारी बेल वाजली. एकदाच. चपला बाहेर, ओळीत. पंचाहत्तरीचे एक आजोबा, हातात किराण्याच्या दुकानाची कापडी पिशवी.

‘काय गं, तो मोबाइलवरचा कार्यक्रम तुमचाच ना?’

त्यांना बसवलं, पाणी दिलं. त्यांनी पिशवीतून दोन वस्तू काढल्या. एक भाडेपावत्यांचं पुस्तक. त्यातली शेवटची पावती जून १९६१ ची. आणि एक काळापांढरा फोटो, कोपरे कुरतडलेले. फोटोत चौथरा आहे, चिखल आहे, आणि मधोमध एक दरवाजा उभा आहे. फक्त दरवाजा. आजूबाजूला भिंत नाही.

‘मी अकरा वर्षांचा होतो,’ ते म्हणाले. ‘माझ्या वडिलांनी सात बिऱ्हाडं बाहेर काढली म्हणता. बाहेर काढायला वाडा राहिला होता कुठे?’

मला काही सुचेना. मी म्हटलं, ‘आजोबा, आम्हाला माहीत नव्हतं. तुम्ही कुठे असता, तेही...’

‘मोदी गणपतीपासून दोन मिनिटं. पेठेत कुणालाही विचारलं असतंस तरी दारात आणून सोडलं असतं.’ मग थोडं थांबून, ‘विचारायला यायचं होतं गं. चहा तरी दिला असता.’

ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्याच दिवशी रील काढलं. एपिसोडमधून तो भाग कापून परत चढवला. पण तुम्हाला माहितेय, डिलीट ही फार भाबडी गोष्ट आहे. तोपर्यंत ते कुणीतरी उतरवून दुसऱ्या पेजवर टाकलेलं होतं, आणखी भीषण संगीत लावून. आजोबांच्या नातीच्या सोसायटीच्या ग्रुपवर ते फिरत होतं, आणि तिला तिथे ‘तुमचाच ना गं वाडा?’ असं विचारलं गेलं होतं. आम्ही पुढच्या भागाच्या सुरुवातीला माफी मागितली. चाळीस सेकंद. ती माफी कुणी रील करून फिरवली नाही. माफीला मागे संगीत लावता येत नाही ना.

आता एक करा. हा पेपर हातात असेल तर शेवटचं पान उघडा, अगदी तळाला जा. मुंगीएवढ्या अक्षरात एक ओळ असते, जी आपण आयुष्यात कधी वाचत नाही. मुद्रक अमुक, प्रकाशक तमुक, संपादक फलाणे. आणि त्याला जोडून बहुतेक पेपरांत लिहिलेलं असतं, की मजकुराच्या निवडीची जबाबदारी कायद्यानुसार या संपादकांची. ही ओळ पेपरवाल्यांनी हौसेने घातलेली नाही. इंग्रजांच्या १८६७ च्या कायद्याने ती सक्तीची केली, आणि २०२४ च्या मार्चपासून त्या जागी नवा कायदा आला तरी अंकावर नाव देणं काही सुटलं नाही. इंग्रजांचा हेतू काही थोर नव्हता. त्यांना पकडायला माणूस हवा होता. पण त्यातून एक चांगली गोष्ट झाली. छापण्याआधी कुणीतरी एक माणूस घाबरायला लागला. ‘हे नक्की आहे का? समोरच्याला विचारलं का?’ असं रात्री अकरा वाजता वार्ताहराला झापणारा जो माणूस असतो ना, तो त्या मुंगीएवढ्या ओळीतून जन्माला आलाय.

आमच्या गादी लावलेल्या खोलीत तो माणूस नव्हता. आम्ही तिघं होतो, आणि तिघांनाही रील आवडलं होतं.

आमच्या रूमपासून केसरी वाडा चालत पाच मिनिटांवर. गणपतीत मानाचा पाचवा बघायला तुम्ही गेलाच असाल. ‘केसरी’चं १८८२ चं प्रकरण आम्हाला वर्गात शिकवलं होतं, मी परीक्षेत लिहिलंही होतं, आणि त्याचा अर्थ मला कळला तो आजोबा गेल्यानंतर. वाडा टिळकांनी १९०५ मध्ये घेतला, हे प्रकरण त्याच्या खूप आधीचं. पेपर सुरू होऊन जेमतेम दीड वर्ष झालेलं. ‘केसरी’चे संपादक आगरकर, इंग्रजी ‘मराठा’चे टिळक. दोघांचंही वय २६ च्या आसपास, म्हणजे तुमच्या-माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे. कोल्हापूरच्या अल्पवयीन महाराजांचे हाल होतायत, याला दिवाण बर्वे जबाबदार, असं त्यांनी छापलं. आधार होता काही पत्रांचा. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि कोर्टात ती पत्रं बनावट ठरली. दोघांनी माफी मागितली. तरी चार महिन्यांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. आगरकरांनी त्यावर पुस्तकही लिहिलं.

शाळेत ही गोष्ट आपल्याला शौर्याची म्हणून सांगतात. महाराजांसाठी तुरुंगात गेले, सुटल्यावर लोकांनी स्वागत केलं, वगैरे. ते आहेच. पण मला आता त्यात दुसरंच दिसतं. दोन हुशार, प्रामाणिक, तळमळीचे तरुण. हेतू शंभर टक्के चांगला. आणि कागद खोटे. हेतू चांगला असला की कागद आपोआप खरे होत नाहीत, हे पुण्यातल्या पेपरवाल्यांना दीड वर्षातच, १०१ दिवस मोजून कळलं. आपल्या पॉडकास्टवाल्यांना ते कळायची सोयच नाहीये, कारण डिस्क्रिप्शनमध्ये शेवटी एक वाक्य चिकटवलेलं असतं, ‘पाहुण्यांची मतं त्यांची वैयक्तिक आहेत’. आमच्यातही होतं. दुसऱ्या एका चॅनलवरून कॉपी केलेलं. गंमत म्हणजे मानहानीचा कायदा त्या वाक्याला फार भीक घालत नाही. तो पेपरला लागतो तसा पॉडकास्टलाही लागतो. पण दोन मिनिटांवर राहणारा पंचाहत्तरीचा माणूस कोर्टात जात नाही. तो पिशवी घेऊन जिना चढतो.

आणि आता पेपरवाल्यांनाही बोलू द्या मला, कारण तेही साव नाहीत. रोज सकाळी कुठलीही मराठी न्यूज साइट उघडा. ‘एका पॉडकास्टमध्ये बोलताना अभिनेत्रीने...’, ‘पॉडकास्टमध्ये नेत्याचा गौप्यस्फोट’. अर्ध्या बातम्या दुसऱ्याच्या माईकवरून उचललेल्या. पॉडकास्टवाला सकाळच्या पेपरातून विषय काढतो, पाहुणा त्यावर काहीतरी फेकतो, संध्याकाळी तेच पेपरच्या वेबसाइटवर बातमी होतं, आणि दुसऱ्या दिवशी दुसरा पॉडकास्टवाला म्हणतो, ‘हे तर पेपरात आलंय’. या सगळ्या फेऱ्यात प्रत्यक्ष जागेवर गेलं कोण? कुणीच नाही. मुंगीएवढ्या ओळीतला माणूस आता असं म्हणून सुटतो, की ‘आम्ही कुठे म्हटलं, त्या पॉडकास्टमध्ये म्हटलंय’. पॉडकास्टचा माध्यमांवर काय परिणाम झाला, असं मला तोंडी परीक्षेत विचारलं तर मी हे सांगेन. सही पुसट झाली.

मोठ्या माणसांच्या हे केव्हाच लक्षात आलंय. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये, निवडणूक तोंडावर असताना ट्रम्प जो रोगनच्या पॉडकास्टवर जवळपास तीन तास बसले. जानेवारी २०२५ मध्ये आपले पंतप्रधान निखिल कामतच्या पॉडकास्टवर आले. गल्लीतला नगरसेवकही आता पत्रकार परिषद घेण्यापेक्षा पॉडकास्टवर यायला खुश असतो. का नसेल? पत्रकार परिषदेत मागच्या रांगेतला एखादा खडूस वार्ताहर उठून तीन वर्षांपूर्वीचं टेंडर काढतो. पॉडकास्टमध्ये पहिला प्रश्न असतो, ‘तुमच्या बालपणाविषयी सांगा ना’.

आमच्यापर्यंत पोहोचलेलं आमिष एवढं मोठं नव्हतं. एका क्लासवाल्यांचा फोन आला. ‘आमच्या सरांना गेस्ट म्हणून घ्या, पैसे देऊ, फक्त जाहिरात वाटता कामा नये.’ जाहिरात असेल तर तसं ठळकपणे सांगा, असा जाहिरात क्षेत्राच्याच एएससीआय या संस्थेचा इन्फ्लुएन्सर मंडळींसाठी २०२१ पासून नियम आहे. आम्ही नाही म्हणालो. खरं सांगते, तत्त्वामुळे कमी आणि आजोबा नुकतेच येऊन गेले होते म्हणून जास्त. ते सर महिन्याभराने दुसऱ्या एका पॉडकास्टवर ‘संघर्षकथा’ सांगताना दिसले. तुमच्यापैकी कुणीतरी ते ऐकून फी भरली असेल.

मग काय, सरकारने लायसन्स द्यावं का पॉडकास्टला? अजिबात नको. २०२४ मध्ये ब्रॉडकास्टिंग विधेयकाच्या मसुद्यात यूट्यूबवरच्या लोकांनाही ओढणार म्हणून केवढी खळबळ झाली होती, आठवतंय? ती योग्यच होती. ज्या ‘केसरी’ला १८८२ मध्ये खोट्या कागदांसाठी शिक्षा झाली, त्याच ‘केसरी’तल्या लेखांसाठी १९०८ मध्ये टिळकांना राजद्रोहाखाली सहा वर्षं मंडालेला पाठवलं. तेव्हा त्यांनी खोटं छापलं नव्हतं, सरकारला न रुचणारं छापलं होतं. सरकारच्या हातात कात्री दिली की ते बर्वे प्रकरण आणि मंडाले यांत फरक करत बसत नाही. म्हणून ती सही आपण आपलीच करायला हवी. कुणी मागायच्या आधी.

आम्ही काय केलं ते सांगते, आदर्श म्हणून नाही, कारण त्यात आमचं नुकसानच झालंय. आता प्रत्येक एपिसोड टाकण्याआधी मी तो एकदा वही घेऊन ऐकते. एखाद्या माणसाबद्दल, घराबद्दल, संस्थेबद्दल काही वाईट बोललं गेलं असेल तर ते वाक्य उतरवून काढते, आणि ज्याच्याबद्दल आहे त्याला फोन करते किंवा त्याच्याकडे जाते. पेठेत बहुतेक जण चालत जाण्यासारखेच असतात. उत्तर मिळालं तर ते एपिसोडमध्ये जातं. माणूस सापडलाच नाही तर वाक्य कापलं जातं, कितीही भारी असलं तरी. डिस्क्रिप्शनमध्ये तिघांची नावं असतात, कुणी काय तपासलं त्यासकट. चूक झाली तर पुढच्या भागाच्या पहिल्या मिनिटात, शेवटच्या नाही.

परिणाम? आठवड्याला एक येणारा भाग तीन आठवड्यांनी येतो. व्ह्यूज पडले. सांगलीचा मित्र सोडून गेला. भांडून नाही, पण गेला. म्हणाला, ‘तू पॉडकास्ट करत नाहीयेस, तू चौकशी आयोग चालवतेयस. अल्गोरिदमला सातत्य लागतं.’ त्याचं चुकलंय असं मला म्हणता येत नाही. अल्गोरिदमला खरंच सातत्य लागतं. म्हणून डिस्क्रिप्शनमध्ये आता दोनच नावं आहेत.

आणि इथे तुमचा प्रश्न येतो, कारण अल्गोरिदम म्हणजे दुसरं कुणी नाही, रात्री साडेदहाला अभ्यासिकेतून निघालेले तुम्ही आहात. ज्या होस्टने समोरच्या बाजूला फोन केला त्याचा भाग उशिरा येतो, थोडा कंटाळवाणा असतो, त्यात ‘याबद्दल त्यांचं म्हणणं वेगळं आहे’ अशी रसभंग करणारी वाक्यं असतात. तुम्ही तिथे थांबता की पुढचं सरकवता? आवडत्या होस्टने एखाद्यावर आरोप करणारा पाहुणा बोलावला, तर कमेंटमध्ये ‘आग लावली भावा’ लिहिता, की ‘त्यांना विचारलं होतं का?’ एवढे चार शब्द लिहिता? मी स्वतः आयुष्यभर पहिलंच करत आले. तो बोळाचा नंबर माझ्या दाराशी आला नसता तर आजही करत असते.

गेल्या महिन्यात मी आजोबांकडे गेले. त्यांच्या वाड्यावर एक पूर्ण भाग करू या, तुमच्या तोंडून, असं विचारायला. चहा मिळाला, सांगितल्याप्रमाणे. माईक पाहून म्हणाले, ‘तो ठेव बाजूला, आधी ऐकून घे.’ दोन तास बोलले. पाणी कसं चढत गेलं, आईने देव कसे पदरात बांधून आणले, वरच्या बिऱ्हाडातल्या बाईंचं शिवणयंत्र गाळात कुठे सापडलं. मी पार गुंतले होते. मनात रीलसुद्धा कापून झालं होतं, शिवणयंत्राचं.

उठताना म्हणाले, ‘हे सगळं मी सांगतोय म्हणून खरं धरू नकोस. मी मालकाचा मुलगा, मला वडिलांची बाजू आठवणार. तळमजल्यावरच्या बिऱ्हाडातली एक मुलगी अजून आहे, कोथरूडला असते. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. पूर ओसरल्यावर अनामत रकमेवरून त्यांची आणि वडिलांची बोलाचाली झाली होती, ते ती सांगेल. तिला विचार आणि मग काय ते मोबाइलवर घाल.’

त्यांनी एका पोस्टकार्डाच्या मागे पत्ता लिहून दिला. फोन नंबर त्यांच्याकडे नाही. रविवारी जातेय.